रिकाम्या आभाळातला सिग्नल

मित्रांनो, मी भूत पाहिलेलं नाही, पण मोजलेलं आहे. निदान मला आणि माझ्या मालकांना बरेच दिवस तसंच वाटत होतं. हसू नका. मी मोजमापाचं यंत्र आहे, आणि थापा मारायला लागणारं डोकं माझ्यात कोणी बसवलेलंच नाही.

मी एक जुना सिग्नल मीटर. तुमच्या तळहातावर मावेन एवढाच. अंग काळ्या प्लास्टिकचं, समोर काच, काचेमागे एक बारीक काटा आणि शून्य ते दहा आकडे. खाली एक गोल बटण आहे, ते पिळलं की माझे कान तिखट होतात. डोक्यावर दोन तोंडं आहेत. एकात छतावरच्या छत्रीची वायर लावायची आणि दुसऱ्यात खाली घरात, टीव्हीजवळ ठेवलेल्या बॉक्सची. मला स्वतःची बॅटरी नाही. बॉक्सकडून वीज आली तरच माझ्यात जीव येतो, नाहीतर मी आपला नुसता डबा.

छत्री म्हणजे टीव्हीची डिश, हे तुम्हाला ठाऊक असेलच. वर आभाळात फार उंचावर उपग्रह असतात. छत्रीचं तोंड नेमकं त्यांच्याकडे झालं तर घरात चित्र येतं, बोटभर हललं की गेलं. पण चित्र दिसतं खाली आणि छत्री फिरवायची वर. छतावरच्या माणसाला कसं कळावं? त्यासाठी मी. सिग्नल मिळाला की माझा काटा चढतो आणि मी शिट्टी घालतो. सिग्नल जितका जोरात, तितकी शिट्टी बारीक. माझ्यात एकच उणीव आहे, ती आत्ताच सांगून टाकतो. सिग्नल आहे एवढं मला कळतं. तो कोणाचा, ते कळत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. दोन्ही बाजूंना टोप्या घातलेल्या बायका बसायच्या. बोलायला बंदी असल्यामुळे सगळ्या भुवयांनीच बोलत. एकीने माझा काटा बसवला, दुसरीने काच लावली. तिसरीने मला वीज देऊन माझी शिट्टी ऐकली आणि नाक मुरडलं. "हा फारच चिरका आहे," ती शेजारणीला हळूच म्हणाली. तरी तिने मला पास केलं. माझा आवाज अजूनही तसाच आहे.

दुकानाच्या काचेआड काही काळ गेला आणि मग मालकांनी मला विकत घेतलं. ते छत्र्या बसवायचे. आसपासच्या गल्ल्यांत त्यांना सगळे छत्रीवालाच म्हणत. मी येण्याआधी हे काम ते आणि त्यांची बायको असं दोघं मिळून करायचे. मालक गिऱ्हाइकाच्या छतावर चढायचे आणि मालकीणबाई खाली त्याच्या टीव्हीसमोर बसायच्या. मग खिडकीतून मान बाहेर काढून त्या ओरडायच्या, "आलं! आलं! अहो, गेलं! आता नुसत्या मुंग्या!" त्यांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत सहज पोचायचा. चित्र स्थिर होईपर्यंत घरातल्या सासवा-सुनांशी त्यांची ओळख झालेली असायची आणि चहाही पिऊन झालेला असायचा. छत्रीवाल्याचा अर्धा धंदा बायकोच्या गळ्यावर चालतो, असं लोक म्हणत आणि ते खरंच होतं.

मग त्या आजारी पडल्या. जिने चढायचे नाहीत, ओरडायचं तर अजिबात नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून मालकांनी मला आणलं. मला पिशवीतून बाहेर काढलं तेव्हा मालकीणबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"म्हणजे हा माझ्या जागी आला तर."

"तुझ्या जागी कशाला? मदतीला आणलाय."

"शिट्ट्या मारणारा मदतनीस! बरा शोधलात."

मी नवा होतो, मला वाईट वाटलं. पण त्यांचा राग टिकणारा नव्हता. थोडं बरं वाटत होतं अशा एका दिवशी त्या हळूहळू जिना चढून घराच्या छतावर आल्या. सोबत त्यांची मुलगी होती, तिसरी-चौथीतली. ती सतत पेन्सिलीचं टोक कुरतडायची म्हणून घरात तिचं नाव खार पडलं होतं. मालकांनी छत्री रिकाम्या आभाळाकडे वळवली, मला जोडलं आणि माझं बटण चांगलं पिळलं. काटा खाली पडून होता. मग त्यांनी बायकोचा हात धरून तिचा तळवा छत्रीच्या दांड्यावरच्या डोक्यासमोर धरला. हेच डोकं सिग्नल पकडतं आणि वायरीतून माझ्याकडे पाठवतं. माझा काटा वर उचलला गेला आणि मी शिट्टी घातली.

"अगंबाई! हा मला ओळखतो?"

"गरम वस्तू समोर आली की तो बोलतो," मालक म्हणाले. "भिंत, झाड, माणूस, काहीही. रिकामं आभाळ थंड असतं, तिथे तो गप्प राहतो."

खारीने लगेच समोर येऊन आपले दोन्ही हात धरले. मी पुन्हा शिट्टी घातली. मग तिने दोरीवरचा टॉवेल ओढून डोक्यावर घेतला आणि भुतासारखे हात हलवत छत्रीसमोर नाचली. तरी मी शिट्टी घातली, कारण कोरडं कापड मला आडवं येत नाही. मी त्याच्या आरपार बघतो. तिघंही खूप हसली. हसता हसता मालकीणबाईंना ढास लागली आणि मालक त्यांना धरून खाली घेऊन गेले.

पुढची वर्षं कामाची होती. कित्येक छतं मी पाहिली. मोडक्या खुर्च्या, वाळत घातलेल्या गाद्या, कबुतरांची घरं, कुणी लपवून ठेवलेली बिडीची पाकिटं, सगळं मी पाहिलं. माझं कौतुकही झालं. फजिती झाली तेव्हा तीही सगळ्या गल्लीला कळली. एका आजोबांकडे मी जोरदार शिट्टी घातली, मालकांनी बोल्ट आवळले, चित्र आलं आणि त्यातली माणसं भलत्याच भाषेत बोलू लागली. मी शेजारचाच उपग्रह पकडला होता. आजोबांचा मुलगा भडकला, पण आजोबा म्हणाले, "राहू दे रे. ही माणसं निदान माझ्याशी हुज्जत तरी घालत नाहीत." मालकांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मालकीणबाई डोळे पुसत हसल्या. "तुमचा हा शहाणा," त्या म्हणाल्या, "कुणी का हाक मारेना, ओ देऊन मोकळा होतो."

त्यांचं दुखणं मात्र वाढतच गेलं. एके दिवशी सकाळी त्यांनी हट्टाने स्वतः छतावर येऊन एक मोठी चादर वाळत घातली. पांढऱ्यावर निळी फुलं होती तिच्यावर. पुन्हा पुन्हा थांबत, दोरी धरून श्वास घेत त्यांनी तिच्या सुरकुत्या काढल्या आणि चिमटे लावले. दुपारी मालकांनी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथून त्या परत आल्या नाहीत.

ती चादर तशीच राहिली. ती काढायला कोणाचा हात धजला नाही.

मित्रांनो, आमचं छत कसं होतं ते नीट ऐका, म्हणजे पुढचं समजेल. छताच्या एका टोकाला कठड्यापाशी छत्री होती. समोरच्या टोकाला एका चौथऱ्यावर पाण्याच्या दोन काळ्या टाक्या होत्या आणि त्या दोघींच्या मध्ये माणूस बसेल एवढी फट होती. त्या फटीतून पलीकडचं आभाळ दिसायचं. एका टाकीपासून दुसऱ्या टाकीपर्यंत दोरी बांधलेली होती आणि त्या दोरीवर ती चादर लोंबत होती. त्यामुळे फट आता झाकली गेली होती. जिना टाक्यांच्या मागच्या बाजूने वर यायचा, पण चौथरा उंच असल्यामुळे जिन्यातून ती फट दिसत नसे.

मालकीणबाई गेल्यावर घराचा आवाजच गेला. मालक कामाला जायचे, नाही जायचे. खार शाळेतून यायची, दप्तर ठेवायची, "बाबा, मी आले," म्हणायची आणि मालक मान न वळवता हुंकार द्यायचे. तिला हनुवटी आईची होती. भुवयाही आईच्या. मालक तिच्याशी बोलताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. तिच्या पायांत एकदा दोन वेगवेगळे मोजे होते, तेही त्यांना दिसले नाहीत. मला मात्र दिसले.

एका संध्याकाळी मालक घरची छत्री दुसऱ्या उपग्रहाकडे वळवायला वर आले. मी जोडलेला होतोच. ते छत्री हळूहळू फिरवत होते, माझा काटा खाली होता. वरून खाली येता येता छत्रीचं तोंड त्या चादरीसमोर आलं आणि काटा उचलला गेला. मी शिट्टी घातली. जोरात नाही, आजारी माणसाने हाक मारावी एवढीच.

मालक थांबले. त्या दिशेला कुठलाच उपग्रह नाही, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी छत्री वर रिकाम्या आभाळाकडे नेली, मी गप्प झालो. पुन्हा चादरीसमोर आणली, मी बोललो. त्यांनी वायर काढून पुसली, टोकं बदलली, मला दोन थपडा मारल्या. माझा काटा तिथेच थरथरत उभा होता. वारा नव्हता. चादर हलतसुद्धा नव्हती. तिच्यावरची निळी फुलं उन्हाने फिकी पडली होती आणि एका कोपऱ्यावर मालकीणबाईंनी लावलेला चिमटा अजून होता.

मालकांनी मला छातीशी धरलं.

"आलीस?" ते म्हणाले.

माझा काटा एकदम दचकून वर गेला आणि पुन्हा जागेवर आला. मालक तिथेच खाली बसले. मित्रांनो, तेव्हा मलाही घाम फुटला असता, पण मला घाम फुटायची सोय नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच. मालकांनी छत्रीचे बोल्ट त्या चादरीकडे तोंड करूनच आवळून टाकले. खाली टीव्हीवर नुसत्या मुंग्या. गिऱ्हाइकांचे फोन यायचे. "आज जमणार नाही," एवढं बोलून मालक फोन ठेवायचे. संध्याकाळ झाली की मला घेऊन कठड्यापाशी बसायचे आणि काट्याकडे बघत राहायचे. काटा उचलला की त्यांचा चेहरा खुलायचा. "आलीस? ये, बस," असं ते इतक्या मायेने म्हणायचे, की माझ्यासारख्या डब्यालाही भरून यायचं. मग ते दिवसभराचं सगळं सांगायचे. आज भात करपला. शेजारच्या काकूंनी तुझी आठवण काढली. तुझा चष्मा सापडला, पलंगाच्या मागे पडला होता.

तुम्ही विचाराल, त्यांनी ती चादर बाजूला करून का बघितलं नाही? एकदा ते गेले होते तिथपर्यंत. चादरीचा कोपरा त्यांनी धरलाही. पण हात मागे घेतला आणि परत येऊन बसले. "नको," ते मला म्हणाले. "मागे कोणी नसलं तर मी काय करू?" ती मागे असेल याची त्यांना भीती नव्हती, नसेल याची होती.

आणि मी? मी नुसता काटा वर करत होतो. कोणीतरी आहे, एवढंच.

एक संध्याकाळ मी विसरणार नाही. त्या दिवशी मालकांनी आधी माझी काच पुसली. मग म्हणाले, "तुझी खार आता अगदी तुझ्यासारखी दिसायला लागलीय. समोर आली की छातीत कळ येते. मला बघवत नाही गं तिच्याकडे. ती शाळेत असते तेवढा वेळ बरा जातो."

माझा काटा पडायला लागला. हळूहळू, शून्यापर्यंत. मालकांनी बटण पिळलं, छत्री हलवली, हाका मारल्या. काटा उठला नाही.

"रागावलीस? तिच्याबद्दल बोललो म्हणून?" त्यांनी चादरीकडे बघत हात जोडले. दुसऱ्या संध्याकाळीही काटा पडूनच होता. मालक जेवले नाहीत. त्यानंतरच्या संध्याकाळी शिट्टी वाजली तेव्हा ते लहान मुलासारखे रडले. "तुझं चुकलं नाही, माझंच चुकलं," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. खाली घरात त्यांनी खारीला मात्र काहीच म्हटलं नाही.

मग मावशी आली. मावशी म्हणजे मालकीणबाईंची थोरली बहीण. तिने दारातच चपला काढल्या, स्वयंपाकघरात डोकावली, खारीच्या केसांतून हात फिरवला आणि तो गुंत्यात अडकला. तेवढ्यावरून तिला सगळं समजलं. ती तडक छतावर आली.

"भाऊजी, हे काय चाललंय?"

"तपासतोय जरा."

"काय तपासताय? गल्लीतली माणसं काय बोलतात ते कानावर आलंय माझ्या. माझी बहीण गेली हो. तुम्ही तिला दोरीवर टांगून ठेवलंय. आणि ती पोर? तिची शाळेची वेणी कोण घालतं, ठाऊक आहे?"

मालकांनी काट्यावरून नजर उचलली नाही. काटा तेव्हा शून्यावर होता, कारण खार खाली मावशीची पिशवी रिकामी करत होती. हे मी आज सांगू शकतो. तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

"मी तिला माझ्याकडे नेते," मावशी म्हणाली. "कायमची. शाळाही तिकडचीच बघते. बोला, नेऊ?"

"न्या, ताई," मालक म्हणाले. कनेक्टर आवळावा तितक्या सहज.

मावशी बघतच राहिली. तिला भांडण हवं होतं. भांडायला कोणी नव्हतंच समोर.

निघताना खार एकटी वर आली. नवी वेणी घातलेली होती, हातात पिशवी होती. मालक तिच्या पिशवीकडे बघत होते.

"बाबा, आज संध्याकाळी वर बसणार?"

"हो."

"आणि काटा हललाच नाही तर?"

"मावशीचं ऐक. त्रास देऊ नको तिला."

तिला अजून काहीतरी म्हणायचं होतं, पण खालून मावशीने हाक मारली.

त्या संध्याकाळी काटा उठला नाही. दुसऱ्याही संध्याकाळी नाही. मालकांनी माझं बटण इतकं पिळलं की ते निखळायला आलं. त्यांनी चादरीशी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. तिसऱ्या संध्याकाळी ते उभे राहिले आणि मेकॅनिक लोक बिघाड शोधताना स्वतःशी बोलतात तसं बोलू लागले.

"वायर तीच. छत्री तीच, हललेली नाही. बॉक्स चालू आहे. मीटर ठीक आहे. चादर तिथेच आहे." ते एकेक बोट मिटत होते. "मग बदललं काय? परवापासून या घरातून गेलं काय?"

त्यांचं बोट हवेतच राहिलं.

मला कठड्यावर ठेवून ते चादरीकडे गेले. या वेळी थांबले नाहीत. त्यांनी चादर बाजूला सारली, तिचे चिमटे तटातट उडाले. मागे दोन टाक्यांच्या फटीत एक जुनी उशी होती, बसून बसून चपटी झालेली. उशीवर बिस्किटाचा कागद, केसांची रिबीन आणि टोक कुरतडलेली पेन्सिल पडलेली होती.

मालक त्या फटीत शिरले, उशीवर बसले आणि गुडघे पोटाशी घेतले.

मी शिट्टी घातली. काय करू, मला तेवढंच येतं. तीच ती बारीक शिट्टी छतावर घुमली आणि मालकांनी ती पहिल्यांदाच तिथून ऐकली, जिथून ती पोर रोज ऐकत होती. तिथून कठड्यापर्यंतचं अंतर थोडंच होतं. तिथून मालकांचा शब्द न् शब्द ऐकू आला असणार. त्यांनी तोंडावर दोन्ही हात घेतले. माझा काटा बराच वेळ वर राहिला आणि मला वाटलं, आज तो खाली आला नाही तर बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही मावशीकडे गेलो. मी मालकांच्या खिशात होतो, सवयीने. खार बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून शेंगा सोलत होती. बापाला बघून ती उठली आणि दाराआड जाऊन उभी राहिली.

"टाक्यांच्या मधे तू बसायचीस?" मालकांनी विचारलं.

दाराआडून उत्तर आलं, "हो."

"का गं?"

"आधी आईच्या चादरीचा वास घ्यायला बसायचे. मग तुम्ही छत्री माझ्याकडे वळवलीत. शिट्टी वाजली आणि तुम्ही म्हणालात, आलीस? ये, बस. घरात मी आले म्हटलं तर तुम्ही काहीच म्हणत नव्हता."

मालकांनी जमिनीवरची एक शेंग उचलली आणि परत ठेवली. शेवटी ते म्हणाले, "आणि त्या दिवशी मी जे बोललो ते..."

"ऐकलं."

"तरी परत येऊन बसलीस?"

"तुम्ही जेवला नव्हता. वाट आईची बघत होता, ठाऊक आहे मला. पण तिला येता येत नाही. मला येता येतं." दाराची कडी जराशी वाजली. "बाबा, आपण घरात पण एक चादर लावू या का? मी तिच्या मागे बसेन. म्हणजे तुम्हाला माझ्याकडे बघायला लागणार नाही."

मालक दारापर्यंत कसे गेले ते त्यांनाही सांगता येणार नाही. त्यांनी दार ओढलं, खाली गुडघ्यावर बसले आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. हनुवटीकडे, भुवयांकडे. ते रडत होते, तरी बघत होते. खारीला इतका वेळ कोणी बघायची सवय राहिली नव्हती, तिने लाजून मान खाली घातली. त्यांनी ती हळूच वर केली.

मावशीनेही पदराने डोळे पुसले. पण ती कच्च्या गुरूची चेली नव्हती.

"आज रडाल, भाऊजी," ती म्हणाली, "आणि उद्या परत छतावर चढाल. मी पोर देणार नाही. तुमच्यावर माझा विश्वास कशावरून बसावा?"

मालकांनी खिशात हात घातला आणि मला बाहेर काढलं. त्यांचा अंगठा एकदा माझ्या काचेवरून फिरला. मग त्यांनी मला मावशीच्या हातात ठेवलं.

"हा तुमच्याकडे राहू दे, ताई."

"आणि धंदा कशावर करणार?"

"आता नवे मीटर मिळतात. त्यात काटा नसतो, समोर चित्रच दिसतं. कोण आहे ते लगेच कळतं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि आत जाऊन खारीची पिशवी भरली. दोघं निघाली तेव्हा मी खिडकीतल्या कट्ट्यावर होतो. मालक एकदाही वळले नाहीत. खार वळली होती, पण ती मावशीला हात करायला.

तेव्हापासून मी मावशीच्या कपाटात आहे, खालच्या खणात. शेजारी एक बंद पडलेला टॉर्च आणि सुईदोऱ्यांचा डबा आहे. वायर नाही, वीज नाही. तरी कधी कधी अंधारात माझा काटा उचलल्यासारखा वाटतो आणि मी घाबरतो. कोण आहे, विचारावंसं वाटतं. बहुतेक मावशी कपाट लावते त्याचाच तो धक्का असेल. सुट्टीत खार राहायला येते तेव्हा तिचा आवाज ऐकू येतो. आवाज आता भरला आहे. तिला सोडायला मालक येतात, चहा घेतात, पुढच्या वेळी केव्हा न्यायला येऊ ते विचारतात. माझं नावसुद्धा काढत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं आपली कहाणी संपवताना सांगतात की आम्हाला जपा, पुसा, अडगळीत टाकू नका. मला असं सांगायचा फार मोह होतो. मालकांचा हात मला अजून आठवतो, आणि कपाटाबाहेर त्यांची पावलं वाजली की वाटतं, या वेळी तरी दार उघडावं. पण मी तुम्हाला वेगळंच मागतो. तुमच्या घरात कोणी ‘मी आले’ म्हणत आत आलं, तर हातातलं खाली ठेवा आणि त्याच्याकडे बघा. आणि मला इथेच राहू द्या, माझ्यावर धूळ बसू द्या. मालक मला शोधत आले तर मला फार आनंद होईल, पण ते आले तर पुन्हा छतावर बसण्यासाठीच येतील, म्हणून रोज मनात म्हणतो, त्यांनी येऊ नये.